अकरा हजार एकात बसवलेला दवाखाना

कोल्हापूर, १२ मार्च १९१६

भाई,

सलाम. बसऱ्याहून पाठवलेले तुमचे पत्र काल पोचले. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: अम्मा कशी आहे, भाभी कशी आहे, आणि दवाखान्याचे काम बघून गावात काय बोलतात.

अम्मा बरी आहे. भाभीला चौथा महिना लागला आहे. हे तिने स्वतः तुम्हाला कळवायचे होते, पण दोनदा लिहायला बसली आणि दोनदा कागद फाडला. तेव्हा माझ्याकडूनच घ्या. मुबारक.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांब आहे.

गुरुवारी गुंडू मिस्त्री नकाशाची गुंडाळी काखेत मारून दारात आले. अब्बांबरोबर वीस वर्षे बांधकामे केलेला माणूस, पण अब्बा गेल्यापासून उंबरा ओलांडत नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "नजीराबी, तू पुण्याच्या दवाखान्यात नर्स व्हायला तीन वर्सं काढलीस. मला एवढंच सांग, बायका आत शिरणार कुठनं?"

मी नकाशा जमिनीवर पसरला. रस्त्यावर एकच फाटक आहे. फाटकातून वाट निघते ती पुरुषांच्या व्हरांड्याला खेटून, अख्खे आवार ओलांडून मागे जाते, आणि मागे बायकांची खोली आहे. संडास एकाच रांगेत, तेही व्हरांड्यासमोर. मध्ये भिंत नाही.

"मला वाटलं माझंच डोकं फिरलं," मिस्त्री म्हणाले. "तुझ्या कुतुबभाईनं बायका मोजल्याच न्हाईत व्हय?"

"मोजल्या आहेत. आठ खाटा आहेत."

"मग खाटा मोजल्या म्हण की. बायका न्हाईत."

हा तुमचा नकाशा नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या माणसाने तो काढला. पण त्याला जेवढ्या पैशात काढायला सांगितले तो आकडा तुमचा होता.

संक्रांतीच्या दिवशी ज्ञानू आण्णांच्या पेढीवर काय झाले ते मी आतल्या दाराच्या पडद्यामागून ऐकले आहे. गुळाचा एवढा मोठा अडत्या, गावाला दवाखाना देतो म्हणाला, अर्धी शाहूपुरी जमली होती. आदल्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर खर्चाचा अजमास काढला होता. दोन वर्षांपूर्वी तुमच्या देखरेखीखाली शाळा झाली, तिला जोत्याच्या, म्हणजे बांधलेल्या जागेच्या, चौरस फुटामागे किती खर्च पडला ते तुम्हाला तोंडपाठ. वीस खाटांना किती जोते लागेल ते धरले आणि त्याच दराने गुणले, ते अकरा हजार आले. नकाशा नसताना पहिला अजमास असाच काढतात, त्यात चूक नाही. मी एवढेच म्हटले होते, की शाळेतली मुले संध्याकाळी घरी जातात, रोगी जात नाही. त्याला शौच लागते, कढत पाणी लागते, मळक्या चादरी धुवाव्या लागतात, त्याच्याबरोबर घरची माणसे येतात आणि त्यांना चूल लागते. खाटेला जेवढी जागा, जवळजवळ तेवढीच खाटेबाहेर. बायकांसाठी त्यातले बरेचसे पुन्हा एकदा, वेगळे. म्हणून एक आकडा बोलू नका, अकरा ते पंधरा हजार म्हणा.

तुम्ही हसलात. "नर्सिंग शिकायला पाठवली होती. ही इंजिनेरी कुठून शिकून आलीस?"

अब्बांकडून, असे मी म्हणू शकले असते.

दुसऱ्या दिवशी तुमचा आकडा ऐकून आण्णांनी विचारले, "साहेब, अकरा हजार एकात बसतंय का?" आणि तुम्ही म्हणालात, "बसवतो की, आण्णा."

त्यावर आण्णांनी शपथेसाठी ताटात बेल आणि भंडारा मागवला. घाट बांधताना त्यांच्या बापाला लोकांनी आणखी थोडे, आणखी थोडे करत नागवले होते, ती आठवण त्यांनी सगळ्यांना सांगितली आणि भंडारा उचलला. "जोतिबाची आण. दवाखान्याला अकरा हजार एक. पै कमी न्हाय, पै जास्त न्हाय." लोकांनी चांगभलं केले. तुम्हाला हार घातला. आठवड्याने तुम्ही पलटणीच्या बांधकामावर बसऱ्याला निघालात.

तुमचा अजमास एका वाक्यात नवस झाला. आता त्यात काही घालता येत नाही, फक्त काढता येते. बायकांचे फाटक, भिंत आणि संडास यांचा खर्च मी आणि मिस्त्रींनी मिळून काढला आहे: चौदाशे. मी आण्णांना भेटणार आहे. तुम्हीही त्यांना लिहावे.

नजीरा


कोल्हापूर, ३० एप्रिल १९१६

भाई,

सलाम. तुम्ही लिहिता की अजमास तो अजमासच, बांधणाऱ्याने तो सांभाळायचा असतो, आणि मी आपल्या कामात लक्ष घालावे. दवाखाना उघडल्यावर बायकांच्या खोलीवर मीच नर्स असणार आहे. तेव्हा हे माझेच काम आहे.

आण्णांना भेटले. अम्मा बरोबर होती. आण्णांनी गुळाचा चहा दिला, ऐकून घेतले, नकाशा उलटा धरून बघितला.

"भिंत पायजे, दार पायजे, संडास पायजे. उद्या म्हणशील बाग पायजे."

"बाग नको, आण्णा."

"किती म्हणालीस?"

"चौदाशे."

"चौदा रुपयं बी न्हाईत. पोरी, पैसा हाय माझ्याकडं. पर भंडारा उचललाय मी चारचौघांत."

तेव्हा आतून त्यांच्या बायको, झुंबरबाई, मोठ्याने म्हणाल्या, "भंडारा तुमी उचलला, बाळंत आमी व्हायचं!"

पेढीवरचे लोक हसले. आण्णाही हसले. मग जे बोलले ते तुमच्यासाठी शब्दशः लिहिते. "आकडा माझा न्हवं. तुझ्या भावाचा. त्यानं लिवून द्यावं, की बायकांची बाजू धरली न्हाई, आकडा कमी सांगितला. ते पत्र घिऊन डोंगरावर जातो, जोतिबाच्या पायावर ठेवतो, गुरवाला कौल लावाय सांगतो. चुकीच्या मापावर घेतलेली आण देव धरत न्हाय. पर माप चुकलं हे माप घेणाऱ्यानंच सांगाय पायजे. तू सांगून चालत न्हाय."

बाहेर पडताना अम्मा म्हणाली, "माणूस खोटा न्हाई." मलाही तसेच वाटले.

लढाईमुळे लोखंडी पत्रा महाग झाला आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तो तुमच्याकडेच जातो. त्यामुळे अकरा हजार एकातून रोज काहीतरी गळते. धुण्याची जागा गेली. रोग्यांच्या माणसांसाठीची पडवी गेली. मिस्त्री म्हणतात, "अंगरखा शिवाय घेतला, आता टोपी निघाली तरी मिळवली."

मला तीन ओळी हव्या आहेत. मजकूर असा: संक्रांतीस सांगितलेला आकडा शाळेच्या दराने काढला होता, त्यात बायकांची वेगळी वाट, भिंत व संडास धरलेले नव्हते, त्यांचा खर्च वर लागेल. खाली सही. यात तुमच्याबद्दल एकही वाईट शब्द नाही. मे अखेर पत्र पोचले तर पाऊस लागायच्या आत पाया खणता येईल.

भाभीला आता मूल हललेले कळते. ती म्हणते तुम्हाला हे लिही. लिहिले.

नजीरा


कोल्हापूर, २५ जुलै १९१६

भाई,

तुमचे पत्र जूनमध्ये मिळाले. उत्तर द्यायला उशीर केला, कारण लगेच लिहिले असते तर ते पत्र तुम्हाला ठेवून घ्यावेसे वाटले नसते.

तुम्ही लिहिता: तिथले तुमचे कॅप्टनसाहेब तुमचे नाव वरच्या जागेसाठी पाठवणार आहेत. दवाखान्याचा अंदाज तुम्ही एका दिवसात दिलात हे तुम्हीच त्यांना सांगितले, आणि ते खूश आहेत. अशा वेळी 'अंदाज चुकला' असे स्वतःच्या सहीने लिहिले तर ते शब्द जन्मभर चिकटतील. शिवाय बायका काय, आज ना उद्या सवय करून घेतील. "आपल्या अम्मासारख्या जुन्या बायका जातील, नव्या येतील."

बरे. काय झाले ते कळवते.

छप्पर पावसाआधी चढले. गेल्या आठवड्यात दवाखाना उघडला. भाषणे झाली. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली, की ठरल्या आकड्यावर एक पैसा लागला नाही. तुमचे नाव दोनदा घेतले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघूनही वाजवल्या, मी तुमची बहीण म्हणून.

पुरुषांच्या बाराही खाटा तिसऱ्या दिवशी भरल्या. व्हरांड्यात दिवसभर माणसे असतात. रोगी कमी, रोग्याबरोबर आलेले जास्त. विड्या ओढतात, पान खातात, फाटकातून कोण येते ते बघतात. त्यांना दुसरीकडे बसायला जागाच नाही, ती पडवीबरोबर गेली.

माझ्या खोलीत आठ खाटा आहेत, पांढऱ्या चादरी आहेत, बाळंतपणाचे टेबल आहे, सगळी हत्यारे उकळून झाकून ठेवलेली आहेत. डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा येतात, त्यांच्याकडे भूल द्यायचे औषध असते. आतापर्यंत एकच बाई दाखल झाली. कळंब्याची बाळाबाई, शेतात विळा लागून पिंढरी फाटलेली. दुसऱ्या दिवशी ती टाके तसेच घेऊन निघाली. मी अडवली.

"आमी रानात राबणाऱ्या," ती म्हणाली. "आमास्नी काय पडदा न्हाई, बाई. पर भाईर जायचं झालं तर त्या पन्नास बाप्यांच्या म्होरनं तांब्या घिऊन जायचं व्हय? ते बघत बसत्यात की! जखम घरी बी भरंल."

तिची जखम घरी भरली की चिघळली, ठाऊक नाही. पट्टी बदलायलाही ती परत आलेली नाही.

दवाखान्याच्या कमिटीचे चिटणीस काल खोलीत डोकावले. आठ मोकळ्या खाटा बघून म्हणाले, "बघितलंसा? म्हणूनच आम्ही म्हणत होतो, बायकांच्या बाजूवर खर्च नको. येतंय कोण?"

भाभीचे पाय सुजतात. पुढच्या महिन्याच्या अखेरीस दिवस भरतील. तिने मला स्पष्ट सांगितले आहे, "माझं बाळंतपण तुझ्या टेबलावरच. अम्मा काही म्हणो." अम्मा 'बघू' म्हणते. मी बेत केला आहे की चार दिवस आधीच पहाटे, आवारात कोणी नसताना, तिला आत आणून ठेवावे.

ही माझी व्यवस्था आहे. तुमच्या तीन ओळींची वाट मी आता बघत नाही, पण त्या अजूनही चालतील.

नजीरा


कोल्हापूर, ६ सप्टेंबर १९१६

भाई,

भाभीने तुम्हाला काही कळवू नकोस असे सांगितले होते. काल म्हणाली, "लिही. सगळं लिही." म्हणून लिहिते.

मुलगा होता. मेलेला जन्मला. १९ ऑगस्टची गोष्ट.

माझ्या हिशोबाच्या आधीच तिचे दिवस भरले. त्या सकाळी मी कामावर गेले तेव्हा ती चुलीपाशी बसून भाकरी करत होती. थोड्या वेळाने कळा सुरू झाल्या. अम्माने सुईण चिमणाबाईला बोलावले. चिमणाबाईने पोट चाचपले, हात काढून घेतला आणि अम्माला म्हणाली, "सुलतानबी, आडवं हाय. माझं काम न्हवं हे. नजीराकडं न्या, झटक्यानं." आपल्या गल्लीतली निम्मी माणसे जिच्या हातावर जन्मली, ती असे म्हणाली. अम्मानेही मग वेळ घालवला नाही. पडद्याचा टांगा आणला, भाभीला त्यात निजवली आणि दवाखान्याच्या फाटकाशी आली.

तो डॉक्टरीणबाईंचा दिवस होता. बाई माझ्या खोलीत होत्या. मी होते. टेबल मोकळे होते. पाणी उकळत होते.

आवारात पलटणीच्या भरतीची तपासणी चालू होती. कमिटीने परवानगी दिली होती, कारण आवार मोठे आणि सलग आहे. मध्ये भिंत असती तर एवढी माणसे मावली नसती. फाटकापासून व्हरांड्याच्या टोकापर्यंत लंगोट नेसलेली उघडी माणसे दोन रांगांत उभी होती. माझ्या खोलीची वाट त्या दोन रांगांच्या मधून जात होती.

फाटकावरचा पहारेकरी कृष्णात अम्माला म्हणाला, "आज्जी, टांगा आत जाणार न्हाई, गर्दी हाय. उतरा आणि चालत जावा. गडी उघडं हायत, तुमी आपलं डोळं मिटून चला." रांगेतले कोणीतरी हसले. दुसरा म्हणाला, "आरं, ह्या बी भरती व्हायला आल्या वाटतं!"

अम्मा म्हणाली, "माझी सून ह्यातनं न्यायची? टांगा फिरव."

भाभी पडद्याआडून म्हणाली, "अम्मा, मी चालते. मला न्या." हे तिने दोनदा म्हटले. टांगेवाल्यानेही ऐकले. टांगा फिरला.

यातले मला काहीही कळले नाही. आमची खिडकी मागच्या बाजूला आहे. दुपारी कृष्णात पाणी प्यायला आला तेव्हा सहज म्हणाला, "तुमच्या घरचा टांगा आलता की सकाळच्याला. परत का गेला?"

बाई आणि मी पोचलो तेव्हा मुलाचा एक हात बाहेर आला होता आणि निळा पडला होता. बाईंनी भाभीला वाचवले. टेबल नाही, उजेड नाही, भुलीचे औषध अर्धेच उरलेले, अशा जागेत त्यांनी ते केले, म्हणून मी त्यांची ऋणी आहे. यापुढे मूल होणे कठीण आहे, असे त्यांचे मत आहे. मी स्वतः तिथे होते. माझेही तेच मत आहे.

अम्मा जेवत नाही. "मीच मारला," म्हणते. तिला चार शब्द लिहाल तर लिहा. त्या नकाशातल्या वाटेवरून कोणतीही सासू परत फिरली असती. ती वाट अम्माने आखली नव्हती.

कबरस्तानात अब्बांच्या पायाशी जागा घेतली. गुंडू मिस्त्री आले होते. त्यांनी स्वतः खणले, दुसऱ्याला कुदळ लावू दिली नाही.

तीन ओळी आता पाठवू नका.

नजीरा


कोल्हापूर, २० नोव्हेंबर १९१६

भाई,

तुमचे पत्र अम्माला वाचून दाखवले. अल्लाची मर्जी, असे तुम्ही लिहिले आहे. अम्माला त्याने बरे वाटले, म्हणून मी काही बोलले नाही.

भाभी दिवाळीआधी माहेरी आजऱ्याला गेली. तिचे वडील बैलगाडी घेऊन न्यायला आले होते. तुमच्यासाठी मी तिच्याकडे निरोप मागितला. तिने दिला नाही.

दवाखान्याची बातमी आहे. बायकांची भिंत झाली. वेगळ्या रस्त्यावर वेगळे फाटक, दोन संडास, न्हाणी, आणि चुलीसाठी छोटी पडवीसुद्धा. नऊ दिवसांत.

ज्ञानू आण्णांची सून शालूबाई पहिलटकरीण आहे. भाभीचे जे झाले ते गावभर झालेच होते. झुंबरबाईंनी एके दिवशी जेवणाचे ताट वाढले नाही आणि आण्णांना म्हणाल्या, "माझी सून त्या बाप्यांतनं जाणार न्हाई, आणि घरात मरणार बी न्हाई. काय करायचं ते करा, मग जेवा." आण्णा उठून गुरवाकडे गेले. संध्याकाळपर्यंत मार्ग निघाला. भिंत दवाखान्याच्या खर्चात धरायचीच नाही. सून सुखरूप बाळंत व्हावी म्हणून आण्णांनी अंबाबाईला बोललेला तो नवस. जागा दवाखान्याची, भिंत देवीची. भंडारा जिथल्या तिथे, अकरा हजार एक जिथले तिथे.

गुंडू मिस्त्री मला सांगायला आले तेव्हा हसत होते, मग तोंडावर पटका धरून रडले. चुना आणि लोखंड वाढल्यामुळे मार्चमधल्या चौदाशेचे आता सतराशेच्या वर गेले. आण्णांनी विचारलेसुद्धा नाही.

मी आण्णांकडे गेले. या वेळी एकटीच.

"आण्णा, हे मार्चमध्ये करता आले नसते का?"

त्यांनी पुढ्यातली गुळाची ढेप बाजूला सारली आणि माझ्याकडे बघितले. लबाडी करणाऱ्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो. तो तसा नव्हता.

"आलं असतं की," ते म्हणाले. "पर तवा सुचलं न्हाई. तू तुझ्या भावाचं पत्र आणतो म्हणालीस, मी पत्राची वाट बघत बसलो. तू बी बसलीस." मग म्हणाले, "घरच्याला लागल्याबिगर सुचत न्हाई बघ, पोरी. वाईट वाटून घिऊ नगं."

मी चहा घेतला नाही.

शालूबाईला परवा मुलगी झाली. पायाळू होती, पण टेबल होते, बाई होत्या, मी होते. दोघी सुखरूप आहेत. आज माझ्या आठपैकी सहा खाटा भरलेल्या आहेत. चिटणीस म्हणतात बायकांत आता जागृती झाली.

नजीरा


कोल्हापूर, १८ जानेवारी १९१७

भाई,

भिंतीची बातमी वाचून तुम्हाला समाधान वाटले, असे लिहिता. बायकांची बाजू ही नेहमीच वेगळी बाब असते, ती मागाहून वेगळ्या पैशातून होणार हे तुम्ही पहिल्या दिवशीच मनात धरले होते, असेही लिहिता. यावर मला काही म्हणायचे नाही. तुमच्या मनात काय होते याचा अजमास मी करणार नाही.

तुम्ही दाखला मागितला आहे, वरच्या जागेसाठी. कमिटीने तो आनंदाने दिला. सोबत आहे. मजकूर मीच लिहून नेला, चिटणिसांनी एक शब्द न बदलता सही केली: "वीस खाटांचा दवाखाना श्री. कुतुबुद्दीन बाबालाल यांनी सांगितलेल्या अकरा हजार एक रुपयांत पुरा झाला. त्यावर दवाखान्याच्या खात्यातून एक पैसाही खर्च झाला नाही." शब्द न् शब्द खरा आहे. मी दोनदा तपासला. तुम्हाला जागा मिळेल.

मार्चमध्ये रजेवर याल म्हणता आणि भाभीला आजऱ्याहून आणून ठेव म्हणता. ती आजऱ्याला नाही. महिन्यापूर्वी एकटीच परत आली, वडिलांना न विचारता. घरी न येता थेट दवाखान्यात आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला काम शिकव." मी म्हटले, काम घाण असते. ती म्हणाली, "ठाऊक हाय."

बायकांच्या बाजूला मागे एक खोली आहे, तिथे ती राहते. चादरी, हत्यारे उकळणे, बाळाला पहिले न्हाऊ घालणे, एवढे तिला येऊ लागले आहे. हात हलका आहे. जन्मलेले मूल पहिल्यांदा तिच्या हातात दिले तेव्हा मी बाजूला उभी होते, गरज लागली तर मूल घ्यायला. लागली नाही. तिने मूल पुसले, गुंडाळले, आईजवळ ठेवले, मग न्हाणीत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. दुसऱ्या मुलाच्या वेळी न्हाणीत गेली नाही.

अम्मा शुक्रवारी तिला भेटायला जाते. जाताना घरून तेल नेते. अम्मा तिच्या केसांना तेल लावते.

तुमचे पत्र मी तिला वाचून दाखवले. आणि दाखलाही. दाखला तिने पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "यातलं काहीच खोटं नाही?" मी नाही म्हटले. तिने मान हलवली आणि चादरी मोजू लागली.

तुम्ही या. घर तुमचे आहे, अम्मा वाट बघते, मी तुमच्याशी भांडणार नाही. भाभीला भेटायचे असेल तर मागच्या रस्त्याने, नव्या फाटकावर जावे लागेल. तिथे आक्का नावाची म्हातारी बसते. बाप्या दिसला की लांबूनच ओरडते, "पावणं, हितंच ऱ्हावा!" नवरा आहे म्हणून तिला सांगू नका, तिथे येणारे सगळे तेच सांगतात. कामाचा साहेब आहे म्हणूनही सांगू नका. त्या फाटकातून पुरुषाला आत सोडायचे नाही, हा नियम मी केला आहे आणि तो आण्णांनासुद्धा लागू आहे.

आक्का नाव विचारेल आणि आत निरोप देईल. बाहेर यायचे की नाही हे भाभीच्या मर्जीवर आहे. तिने काय ठरवले आहे ते मला माहीत आहे. तुम्हाला ते तिथे उभे राहिल्यावर कळेल.

नजीरा